३३ क्रमांक कोणाचा? बास्केटबॉलमधला वाद नीट घालण्याची पद्धत

मृग लागला की कोकणातली सिमेंटची बास्केटबॉल कोर्टे चार महिन्यांसाठी निकामी होतात. बघता बघता फ्री-थ्रोच्या रेषेवर शेवाळ धरते, खाऱ्या वाऱ्याने आधीच गंजलेल्या रिंगची जाळी कुजून लोंबू लागते आणि खेळणारी मंडळी कोणाच्या तरी पडवीत जमून खेळाऐवजी खेळाडूंवर बोलू लागतात. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगची अंतिम मालिकाही नेमकी जूनमध्येच, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी सहाच्या आसपास असते. त्यामुळे वीज टिकली तर सामना आणि गेली तर वाद, असा क्रम आपोआप लागतो. पुढे गणपतीला चाकरमानी गावी आले की नागपाड्याच्या कोर्टवर खेळ पाहिलेल्यांची मतेही त्यात मिसळतात. असा वाद रंगावा, शिवाय त्यातून काही निष्पन्नही व्हावे, यासाठी तो कसा बांधावा हे येथे ‘३३ क्रमांकाची जर्सी घालणाऱ्यांत सर्वश्रेष्ठ कोण’ या प्रश्नाचे उदाहरण घेऊन सांगितले आहे.

‘आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण’ हा प्रश्न मुळात घेऊच नये. तेथे दोन-तीन ठरलेली नावे येतात, प्रत्येकाचे मत आधीच पक्के असते आणि आवाज चढण्यापलीकडे काही होत नाही. क्रमांकाची अट घातली की मैदान आखले जाते, सहसा एकमेकांसमोर न येणारे खेळाडू एका ओळीत उभे राहतात आणि ज्यांची नावे एरवी कोणी काढत नाही त्यांचाही विचार करावा लागतो. मात्र क्रमांक पारखून निवडावा. २३ घेतला तर वाद जॉर्डन आणि लेब्रॉन यांच्यापलीकडे जात नाही. ६ घेतला तर बिल रसेलची ११ विजेतेपदे समोर येतात आणि वाद सुरू होण्याआधीच संपतो. २०२२ मध्ये तर एनबीएने तो क्रमांक सर्वच संघांसाठी निवृत्त केला. वेगवेगळ्या दशकांतले निदान चार भक्कम दावेदार ज्या क्रमांकावर आहेत तोच घ्यावा, आणि अशी गर्दी ३२, ३३, ३४ या क्रमांकांवर विशेष आढळते. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात पंच खेळाडूचा क्रमांक बोटांनी दाखवत असल्यामुळे २०२३ पर्यंत जर्सीवर केवळ ० ते ५ हेच अंक चालत. महाविद्यालयातला क्रमांक पुढे व्यावसायिक खेळातही टिकवण्याची खेळाडूंची ओढ पाहता ही गर्दी स्वाभाविक वाटते.

आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंना ही ओढ पटकन उमगत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २०१४ पर्यंत ४ ते १५ एवढेच क्रमांक मिळत. साहजिकच जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळलेल्या दादा-काकांच्या पाठीवर ३३ कधी आलाच नाही. त्यांना क्रमांकाचे महत्त्व सांगायचे तर क्रिकेटचा दाखला द्यावा: पालघरच्या शार्दूल ठाकूरने २०१७ मध्ये श्रीलंकेत एकदिवसीय पदार्पण करताना सचिनचा १० क्रमांक घातला, त्यावरून केवढा गदारोळ उठला आणि पुढे तो ५४ वर गेला, हे सर्वांच्या लक्षात आहे.

आधी कोणती वर्षे धरायची ते ठरवा

बहुतेक वाद येथेच फसतात, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये. प्रश्न असा आहे की ज्याने तो क्रमांक कधीतरी घातला त्याची संपूर्ण कारकीर्द मोजायची, की तो क्रमांक पाठीवर असतानाचीच वर्षे मोजायची? माझे मत ठाम आहे: त्या क्रमांकातलीच वर्षे मोजावीत. नाहीतर क्रमांकाची अट नावापुरती उरते आणि आपण पुन्हा सर्वश्रेष्ठाच्या दलदलीत जातो. शॅकिल ओनीलचेच पाहा. तो महाविद्यालयात ३३ घालून खेळला, ऑरलँडोत ३२ घातला, लेकर्सकडून ३४ घालून २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन विजेतेपदे जिंकली, आणि कारकिर्दीच्या उतरणीला २००९-१० चा एक हंगाम क्लीव्हलंडकडून पुन्हा ३३ घालून खेळला. कारकीर्द मोजली तर तो ३३ च्या यादीत अगदी वर येतो. वर्षे मोजली तर यादीच्या तळाशीही त्याला जागा मिळणे कठीण आहे. कोबी ब्रायंटच्या बाबतीत हा नियम आणखी रंगत आणतो, कारण तो २००६ पर्यंत ८ आणि त्यानंतर २४ घालून खेळला: तीन विजेतेपदे आणि टोरोंटोविरुद्धचे ८१ गुण ८ च्या खात्यात जमा होतात, तर दोन विजेतेपदे आणि २००८ चा सर्वोत्तम खेळाडूचा किताब २४ च्या खात्यात. एकाच माणसाला त्याच्याच विरुद्ध उभे करण्याची संधी वादात क्वचितच मिळते.

याच नियमाचे एक उपकलम आधीच लिहून ठेवावे, नाहीतर मध्यरात्री त्यावरून वेगळाच वाद पेटतो. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या संघालाही ४ ते १५ हेच क्रमांक मिळाले. लॅरी बर्ड ७, स्कॉटी पिपेन ८ आणि पॅट्रिक यूइंग ६ घालून खेळले. या तिघांनाही क्लबच्या खेळात ३३ मुळे ओळखले जाई, परंतु आपल्या नियमाप्रमाणे त्यांचे ते सुवर्णपदक ३३ च्या खात्यात येत नाही. महाविद्यालयीन खेळ धरायचा की नाही, हेही आधीच ठरवावे. मी तो धरत नाही, कारण तेथील प्रतिस्पर्धी फार असमान असत.

बैठक कशी बसवावी

यासाठी बाहेरून काही शिकायची गरज नाही. आपल्या सिंधुदुर्गातली डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, डोळ्यांसमोर ठेवावी. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाची बारी चालू असताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही, आणि समोरच्याने टाकलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय आपली बारी पुढे रेटली तर श्रोते सोडत नाहीत. वादातही नेमके हेच तीन नियम लावावेत. प्रत्येक खेळाडूचा एक वकील नेमावा, पहिली बारी सात-आठ मिनिटांची आणि नंतरच्या निम्म्या वेळेच्या ठेवाव्यात, आणि प्रत्येक बारीची सुरुवात आधीच्या प्रश्नाच्या उत्तरानेच करण्याची सक्ती करावी. घड्याळ अशा माणसाच्या हातात द्यावे ज्याला बास्केटबॉलमध्ये रस नाही. घरातली एखादी मावशी किंवा आत्या हे काम उत्तम करते, आणि तिने ‘पुरे’ म्हटल्यावर पुढे बोलण्याची कोणाची छाती होत नाही.

वयाचा मान राखताना वादाचा बळी जाऊ देऊ नये. कोकणात काका बोलू लागले की पोरे गप्प बसतात, आणि ज्यांनी १९९० च्या दशकातले सामने पाहिले ते तेवढ्याच बळावर निकाल देऊन मोकळे होतात. म्हणून लहानांनी ‘काका, तुमचे म्हणणे मान्य, पण त्या वर्षीचा आकडा काय सांगतो?’ असे विचारावे आणि मोठ्यांनी त्याचे उत्तर आकड्यानेच द्यावे, हे सुरुवातीलाच सांगून टाकावे.

पुरावा वाचायला शिका

प्रत्येक वकिलाने आपल्या खेळाडूची हंगामनिहाय आकडेवारी एका कागदावर लिहून आणावी. मोबाइलवर पाहू म्हणणाऱ्याची रेंज ऐन वेळी जाते. ३३ चा मोठा दावेदार करीम अब्दुल-जब्बार याची जुनी कागदपत्रे पाहताना १९७१ पर्यंत त्याचे नाव ल्यू अल्सिंडॉर असे आढळेल, हे ध्यानात ठेवावे. आकडे जमवण्यापेक्षा ते कोणत्या परिस्थितीत तयार झाले हे समजून घेणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि खरा अभ्यास येथेच लागतो. ब्लॉक (अडवलेली फेक) आणि स्टील (हिसकावलेला चेंडू) यांची अधिकृत नोंद एनबीएने १९७३-७४ पासून ठेवली. म्हणजे करीमच्या पहिल्या चार हंगामांतले ब्लॉक कोणत्याच बेरजेत नाहीत. तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आली, आणि बर्डचा तोच पहिला हंगाम; त्यामुळे करीमने संपूर्ण कारकिर्दीत तीन गुणांची एकच बास्केट केली म्हणून त्याला हिणवणे हा पोरकटपणा ठरतो. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब १९६९ पासून दिला जातो, त्यामुळे त्याआधीच्या कोणाचाही हिशोब त्याने करता येत नाही.

सर्वोत्तम खेळाडूच्या वार्षिक किताबाबद्दल एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते आणि ती वादात नेमकी उपयोगी पडते. १९७९-८० पर्यंत हा किताब खेळाडूंच्या मतदानाने ठरत असे. त्यानंतर ते मतदान पत्रकारांकडे गेले. करीमचे सहाही किताब (१९७१, १९७२, १९७४, १९७६, १९७७ आणि १९८०) खेळाडूंनी दिलेले आहेत, तर बर्डचे तिन्ही (१९८४, १९८५, १९८६) पत्रकारांनी. करीमच्या वकिलाने हे जरूर मांडावे: ज्यांना त्याच्या स्कायहूकसमोर, म्हणजे एका हाताने डोक्यावरून टाकलेल्या फेकीसमोर, हात वर करून उभे राहावे लागले त्यांनीच त्याला मत दिले. यावर बर्डच्या वकिलाकडेही तोडीस तोड उत्तर असते. १९७६ पर्यंत एबीए ही प्रतिस्पर्धी लीग चालू होती आणि ज्युलियस अर्विंगसारखे खेळाडू तिकडे होते, तेव्हा करीमचे पहिले चार किताब विभागलेल्या मैदानावरचे आहेत, असा मुद्दा त्याने टाकावा. माझ्या मते हा बर्डच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि नवल म्हणजे बहुतेक जण तो सोडून तीन गुणांच्या फेकींवरच बोलत राहतात.

दोन ३३ समोरासमोर

करीम अब्दुल-जब्बार आणि लॅरी बर्ड या दोघांनीही एनबीएची सारी वर्षे ३३ घालूनच काढली, त्यामुळे वर्षांचा नियम दोघांनाही सारखाच लागू होतो. करीमची सरासरी सामन्यामागे २४.६ गुणांची आणि बर्डची २४.३ गुणांची, मात्र करीम १,५६० सामने खेळला आणि बर्ड ८९७. संघावर पडलेला पहिला परिणामही जवळपास सारखाच: करीम येण्याआधी मिलवॉकीने २७ सामने जिंकले होते, तो येताच ५६, बर्ड येण्याआधी बॉस्टनने २९, तो येताच ६१. इतके समसमान आरंभबिंदू मिळाल्यावर वाद आपोआप दोनच प्रश्नांवर येतो: शिखर किती उंच, आणि ते किती काळ टिकले.

बर्डच्या वकिलाने शिखरावर बोलावे. १९८१ ते १९८३ अशी तीन वर्षे तो किताबाच्या मतदानात दुसरा आला आणि पुढची तीन वर्षे पहिला; सलग तीन किताब त्याच्याखेरीज केवळ रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांनाच मिळाले आहेत. कारकिर्दीची सरासरी २४.३ गुण, १० रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि ६.३ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), हे त्रिकूट फॉरवर्डच्या जागेवर खेळून साधणे किती अवघड आहे, हे खेळलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. यानंतर ८ जून १९८४ चा, अंतिम मालिकेतला बॉस्टन-लेकर्स सामना सांगावा, आणि तो कोकणातल्या श्रोत्यांना बरोबर पोहोचतो. बॉस्टन गार्डनमध्ये वातानुकूलन नव्हते, पारा सुमारे ३६ अंशांवर होता, प्रेक्षक हातातल्या कागदांनी वारा घेत होते. मिलवॉकीहून लेकर्सकडे गेलेला करीम बाकावर बसून ऑक्सिजनचा मुखवटा लावत होता आणि बर्डने २० पैकी १५ फेकी साधून ३४ गुण आणि १७ रिबाउंड मिळवले. बॉस्टनने तो सामना १२१-१०३ असा जिंकला आणि पुढे मालिकाही ४-३ अशी घेतली. मे महिन्यात दुपारी सिमेंटच्या कोर्टवर खेळलेल्या माणसाला त्या दमटपणाचे वर्णन करून सांगण्याची गरज पडत नाही.

करीमच्या वकिलाने याचे उत्तर लगेच द्यावे, कारण ते पुढच्याच वर्षात आहे. १९८५ च्या अंतिम मालिकेचा पहिला सामना लेकर्सने ११४-१४८ असा गमावला. करीमला १२ गुण आणि अवघे तीन रिबाउंड मिळाले आणि आता याचे वय झाले, असा गलका उठला. दुसऱ्या सामन्यात त्याच माणसाने ३० गुण, १७ रिबाउंड, ८ असिस्ट आणि ३ ब्लॉक अशी कामगिरी केली. लेकर्सने मालिका ४-२ अशी जिंकली, तीही बॉस्टनच्याच मैदानावर, आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा करीम ३८ वर्षांचा होता. बर्ड त्या वेळी २८ वर्षांचा, म्हणजे ऐन भरात होता. हे दोघे अंतिम मालिकेत १९८४, १९८५ आणि १९८७ असे तीनदा भिडले आणि लेकर्सने त्यांपैकी दोन जिंकल्या, हा निकाल वाचताना दहा वर्षांचे हे अंतर नजरेआड करता येत नाही. १९७१-७२ मध्ये सामन्यामागे ३४.८ गुण करणारा करीम बर्डच्या वाट्याला कधी आलाच नाही.

एक आक्षेप करीमवर नेहमी येतो की सहापैकी पाच विजेतेपदे मॅजिक जॉन्सन आल्यानंतरची आणि उरलेले एक ऑस्कर रॉबर्टसनच्या साथीने मिळालेले आहे. आक्षेप खोटा नाही. १९७५-७६ मध्ये करीमला किताब मिळाला तेव्हा लेकर्स प्लेऑफलाही, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीलाही, पोहोचले नव्हते. पण विजेतेपदाच्या वाटणीचा हा हिशोब उलटाही लागतो. १९८० च्या अंतिम मालिकेत पाचव्या सामन्यात घोटा मुरगळलेला असताना करीमने ४० गुण केले, सहाव्या सामन्याला तो नव्हता, मॅजिकने ४२ गुण केले आणि मालिकेचा किताब मॅजिकला गेला. किताबांची नुसती बेरीज करणाऱ्याला पाचवा सामना दिसत नाही.

माझा कौल करीमला आहे. बर्डचे शिखर त्याच्या शिखराच्या तोडीचे आहे, हे मी मान्य करतो, परंतु पाठदुखीने आणि टाचांच्या शस्त्रक्रियेने बर्डची पुढची वर्षे खाल्ली, तर करीमने पहिल्या १७ हंगामांत एकदाही सरासरी २० गुणांच्या खाली येऊ दिली नाही. दुखापत हा दुर्दैवाचा भाग असला तरी जे खेळणे झालेच नाही त्याचे गुण देता येत नाहीत.

तिसरी जागा आणि काही वाईट सवयी

पहिल्या दोन जागांपेक्षा तिसऱ्या जागेवर मंडळी अधिक तुटून पडतात. स्कॉटी पिपेनची शिकागोकडून जिंकलेली सहाही विजेतेपदे ३३ मधली आहेत, आणि केवळ विजेतेपदे मोजायची तर तो करीमच्या बरोबरीला आणि बर्डच्या पुढे जातो. हा निष्कर्षच सांगतो की ते माप अपुरे आहे. त्याच मापाने सात विजेतेपदांचा रॉबर्ट हॉरी या सर्वांच्या डोक्यावर बसेल. पिपेनसाठी त्यापेक्षा १९९३-९४ चा हंगाम मांडावा. जॉर्डन निवृत्त झाला होता, तरीही पिपेनच्या नेतृत्वाखाली शिकागोने ५५ सामने जिंकले. विरोधी वकील लगेच त्याच वर्षीच्या प्लेऑफमधल्या एका सामन्याचे शेवटचे १.८ सेकंद काढेल, जेव्हा शेवटची फेक सहकारी टोनी कुकोचसाठी आखली म्हणून पिपेन मैदानात उतरला नाही. ते मान्य करून त्याच मालिकेतला सहावा सामना पुढे ठेवावा, ज्यात त्याने न्यू यॉर्कच्या पॅट्रिक यूइंगच्या अंगावरून चेंडू रिंगमध्ये कोंबला. एका फ्रेममध्ये दोन ३३ असलेले ते छायाचित्र अनेकांच्या परिचयाचे आहे. मालिका मात्र न्यू यॉर्कने जिंकली आणि यूइंग अंतिम फेरीत ह्यूस्टनकडून सातव्या सामन्यात हरला. यूइंगला विजेतेपद मिळाले नाही, आणि शेवटचा हंगाम त्याने ऑरलँडोत ६ घालून काढला. बचावाचे मोल मला अधिक वाटते, म्हणून मी पिपेनला तिसरा मानतो. पण यूइंगला तिसरा मानणाऱ्याशी मी फार वेळ भांडणार नाही. डेव्हिड थॉम्प्सनने ९ एप्रिल १९७८ रोजी एका सामन्यात केलेले ७३ गुण, किंवा अलॉन्झो मोर्निंगचे लागोपाठ दोन वेळचे सर्वोत्तम बचावपटूचे किताब, यांना प्रत्येकी एक मिनिट द्यावे आणि पुढे जावे.

वाईट सवयींपैकी सर्वांत वाईट म्हणजे ‘तेवा खेळणारे होते तरी कोण?’ असे म्हणून एखादा काळच उडवून लावणे. असे कोणी म्हणाले की त्याने त्या हंगामातल्या पाच प्रतिस्पर्धी सेंटरची (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूंची) नावे सांगावीत, अशी अट घालावी. बहुतेकदा तेवढ्यावर भागते. दुसरी सवय मोबाइलवरची चित्रफीत दाखवून निकाल मागण्याची. चित्रफितीत साधलेल्या फेकी असतात, हुकलेल्या कोणी जपून ठेवत नाही.

निकाल लावताना हात वर करून मत घेऊ नये, कारण संख्या मित्रमंडळींची असते. वाद सुरू होण्याआधी प्रत्येकाने पहिली तीन नावे क्रमाने चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्यावीत, शेवटी पुन्हा लिहावीत, आणि ज्या खेळाडूची जागा चिठ्ठ्यांमध्ये सर्वाधिक वर सरकली त्याचा वकील जिंकला असे मानावे. अशाने थॉम्प्सनची बाजू घेणाऱ्यालाही जिंकण्याची खरी संधी राहते आणि कठीण खेळाडू घ्यायला लोक तयार होतात. ठरलेले नियम आणि निकाल एका वहीत लिहावेत. वही आतल्या खोलीत ठेवावी, पावसाळ्यात पडवीतल्या कागदाला बुरशी येते.

पुढच्या बैठकीला ३२ घ्यावा. तो ३३ पेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. मॅजिक जॉन्सन आणि केव्हिन मॅकहेल यांचे हिशोब सरळ आहेत, पण कार्ल मलोनचा लेकर्सकडचा शेवटचा हंगाम ११ मधला आहे, बिल वॉल्टनचे १९७७ चे विजेतेपद ३२ मधले आणि १९८६ चे ५ मधले आहे, आणि अर्विंगने न्यू यॉर्क नेट्सला १९७४ आणि १९७६ मध्ये जिंकून दिलेली विजेतेपदे ३२ मधली असली तरी एबीएची आहेत. फिलाडेल्फियात तो ६ घालून खेळला. एबीए धरायची की नाही, यावर अर्विंग दावेदार ठरतो की यादीतून बाद होतो हे अवलंबून असल्यामुळे, त्याचा निर्णय आदल्या दिवशीच करून वहीत लिहून ठेवावा.